एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ शोधण्यात गेलेले माझे आठ महिने

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले आठ महिने मी कॅस्पेज-३ शोधत होते, म्हणजे मरणाऱ्या पेशीत बाकीची प्रोटीनं कापणारं एक प्रोटीन. ते माझ्या एमसीएफ-७ पेशींमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये, नव्हतंच. आधीही कधी नव्हतं, आणि ही गोष्ट १९९८ सालीच छापून आली होती. नागपुरात आणि आसपासच्या कॉलेजांत जी मुलं-मुली स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, सिग्नलिंग पाथवे आणि अपॉप्टॉसिस हा विषय घेऊन बसली आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. अपॉप्टॉसिस (पेशीचं ठरवून मरणं) म्हणजे काय, वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं) कसा करतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. संत्र्याच्या सालीत नोबिलेटिन, टँजेरेटिन, हेस्पेरिडिन अशी संयुगं असतात हे एमएस्सीला शिकले होते, त्यामुळे विषय आपसूक ठरला. सालीचा अर्क एमसीएफ-७ पेशींवर टाकायचा, पेशी मरतात का ते बघायचं, आणि मरत असतील तर पीआय३के-एकेटी हा पेशीला जगायचा संदेश देणारा पाथवे बंद पडल्यामुळे मरतात हे दाखवायचं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संस्थेतून पेशी आल्या. पहिल्या चार महिन्यांत एमटीटीचे (जिवंत पेशी जांभळा रंग देतात त्या चाचणीचे) आकडे सुरेख आले. डोस वाढवला की जांभळा रंग फिका होत जायचा. सर म्हणाले, "आता क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ चा बँड दाखव, झालं काम."

तो बँड काही आला नाही.

कापलेल्या कॅस्पेज-३ चे तुकडे सतरा आणि एकोणीस किलोडाल्टन वजनाचे असतात, त्या जागी काहीतरी दिसायला हवं होतं. मेम्ब्रेनवर अ‍ॅक्टिनचा (हे प्रोटीन सगळ्या पेशींत असतं) बँड ठसठशीत आणि त्याच्या खाली नुसता पांढरा पट्टा. मी पहिला दोष ट्रान्सफरला दिला. लहान प्रोटीन मेम्ब्रेनमधून आरपार जातात म्हणून ०.४५ मायक्रॉन छिद्रांची मेम्ब्रेन सोडून ०.२ ची घेतली. मग जेल १५ टक्क्यांचं केलं. मग अँटिबॉडीला दोष दिला आणि दुसऱ्या कंपनीची मागवली. ती यायला सहा आठवडे लागले. मग तिसरी. मग प्रोटीन ३० मायक्रोग्रॅमवरून ८० वर नेलं. अर्काचा डोस वाढवला. २४ तासांऐवजी ४८, मग ७२. रात्री अकराला मशीनपुढे उभं राहून तीन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की सगळी मेम्ब्रेन राखाडी व्हायची, आणि त्या राखाडीत मला हवा तिथे बँड दिसल्याचा भास व्हायचा.

यात एक गोष्ट अशी झाली की मी खड्ड्यात आणखी खोल गेले. आमच्याकडे कॅस्पेज-३ अ‍ॅक्टिव्हिटीचं एक किट होतं. त्यात डीईव्हीडी नावाचा चार अमिनो आम्लांचा तुकडा असतो. कॅस्पेजने तो कापला की रंग येतो. त्या किटवर माझ्या पेशींत दुपटीहून जास्त सिग्नल आला. म्हणजे किट म्हणतंय कॅस्पेज-३ आहे, ब्लॉट म्हणतोय नाही. मी किटवर विश्वास ठेवला, कारण मला तेच हवं होतं. ब्लॉट मलाच जमत नाही असं ठरवून टाकलं आणि पुन्हा कामाला लागले.

आमच्या लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं काम केलेले एक काका होते. एका सकाळी मला नुसती बसलेली बघून म्हणाले, "काहून बाई, अशी बसून राहिली? प्रयोग करून राहिली का पूजा?" मला रडूच फुटलं. त्यांनी चहा आणून दिला. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण त्या दिवशी आठ महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाला तरी मोठ्याने म्हटलं की मला कळत नाहीये. हे आधी म्हणायला हवं होतं.

उत्तर मिळालं वर्ध्याला, एका कार्यशाळेत, जेवणाच्या रांगेत. पुढे उभ्या असलेल्या एका ताईंना मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं: "पॉझिटिव्ह कंट्रोल कोणत्या पेशींचा लावतेस?"

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणजे बँड नक्की यायलाच हवा असा नमुना. मी म्हटलं, "एमसीएफ-७ लाच स्टॉरोस्पोरिन देते, पेशी मारणारं रसायन."

"मग त्यात तरी कुठून येईल? एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ नसतं."

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढे जावं, पण ज्यांना माहीत नाही त्यांनी दोनदा वाचावं.

एमसीएफ-७ पेशींच्या कॅस्पेज-३ च्या जीनमध्ये, तिसऱ्या एक्झॉनमध्ये (जीनच्या वाचल्या जाणाऱ्या तिसऱ्या तुकड्यात), ४७ बेसजोड्या गायब आहेत. जीन तीन-तीन बेसने वाचला जातो आणि ४७ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रोटीन तयारच होत नाही. पूर्ण प्रोटीन नाही, तर कापलेला तुकडा कुठून येणार? तरीही या पेशी मरतात, कारण कॅस्पेज-७ शाबूत आहे, कॅस्पेज-९ आहे, कॅस्पेज-८ आहे. माझ्या किटमधला डीईव्हीडी कापत होतं ते कॅस्पेज-७. दोघांनाही तोच तुकडा आवडतो. किटच्या डब्यावर कॅस्पेज-३ लिहिलेलं होतं, म्हणून मीही वहीत कॅस्पेज-३ लिहिलं. डब्यावरचं नाव हा पुरावा नसतो.

याचे परिणाम एवढ्यावर थांबत नाहीत. डीएनएची शिडी (मरणाऱ्या पेशीतल्या डीएनएच्या तुकड्यांची जेलवर दिसणारी रांग) दिसण्यासाठी सीएडी नावाचं एन्झाइम मोकळं व्हावं लागतं, आणि त्याला धरून ठेवणारं प्रोटीन कापण्याचं मुख्य काम कॅस्पेज-३ चं. म्हणून एमसीएफ-७ मध्ये शिडी नीट दिसत नाही. टनेल चाचणीचे (डीएनएची तुटलेली टोकं रंगवण्याच्या चाचणीचे) आकडेही रोडावलेले येतात. पेशीला फुगे येऊन ती फुटणं हेही तसं ठळक होत नाही. १९९८ च्या त्या कामात या पेशींना कॅस्पेज-३ चा जीन परत दिला, तेव्हा डीएनएचे तुकडेही पडले आणि फुगेही आले. म्हणजे तुमच्या जेलवर शिडी आली नाही, एवढ्यावरून "अपॉप्टॉसिस नाही" असं लिहू नका. आणि शिडी अगदी देखणी आली असेल, तर आधी तुमच्या पेशी खरंच एमसीएफ-७ आहेत का ते तपासा. पेशींची ओळख तपासायची एसटीआर चाचणी करून घ्या. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि ती मेलानोमाची (त्वचेच्या कॅन्सरची) निघाली. मोठमोठ्या लॅबमध्ये हे घडलंय, आपल्याकडे घडणार नाही असं कसं म्हणायचं?

आणि माझी खरी चूक हीच, की मी कंट्रोलही त्याच पेशीचा लावला. चाचणीतलीच पेशी कंट्रोलला घेतली, तर तिच्यात जे नाही ते कंट्रोलमध्येही नाही. दोन्ही लेन कोऱ्या आल्या की अँटिबॉडी बिघडली, का ट्रान्सफर बिघडला, का प्रोटीनच नाही, यातलं काहीच कळत नाही. कॅस्पेज-३ असलेल्या जर्कॅट किंवा हेला पेशींना स्टॉरोस्पोरिन देऊन, मग त्या फोडून केलेला लायसेट शेजारच्या लेनमध्ये असता, तर पहिल्याच आठवड्यात उत्तर समोर होतं. तयार लायसेट विकतही मिळतो. महाग वाटतो. तीन अँटिबॉड्यांपेक्षा स्वस्त पडतो.

मग एमसीएफ-७ वर काम करायचंच नाही का? करा. जगात त्यांच्यावर अमाप काम झालंय ते उगाच नाही. १९७० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी वाढवल्या गेल्या. एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन, आणि ७ म्हणजे सातवा प्रयत्न. इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या कॅन्सरचा अभ्यास यांच्यावर उभा आहे. फक्त पाहायचं ते योग्य ठिकाणी पाहा: कॅस्पेज-७ चा कापलेला तुकडा २० च्या आसपास, आणि पार्प (कॅस्पेज कापतात ते एक प्रोटीन) ११६ किलोडाल्टनवरून ८९ वर आलेला. सोबत अ‍ॅनेक्सिन आणि पीआय (मरणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या खुणा) लावून फ्लो, म्हणजे पेशी एकेक करून मोजणारं यंत्र. शिवाय झेड-व्हॅड हे कॅस्पेज रोखणारं रसायन देऊन मृत्यू थांबतो का ते बघा. थांबला तर कॅस्पेजवर बोलायचा तुम्हाला हक्क. आणि कॅस्पेज-३ च दाखवायचं असेल, तर टी-४७डी घ्या. तीही इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली, आणि तिच्यात कॅस्पेज-३ आहे.

त्या फ्लोबद्दल एक वाक्य, पण हे वाक्य भिंतीवर चिकटवा: वर तरंगणाऱ्या पेशी फेकू नका. मरणाऱ्या पेशी तळ सोडून मीडियात तरंगतात. मीडिया ओढून टाकून ट्रिप्सिन केलं (चिकटलेल्या पेशी सोडवल्या), की मेलेल्या सिंकमध्ये गेल्या आणि जिवंत तेवढ्या मोजल्या गेल्या. माझे पहिले पाच रन असेच गेले.

आता पाथवेकडे. मूळ कल्पना तुम्हाला माहीत आहे: बाहेरून वाढीचा संदेश येतो, पीआय३के पेशीच्या पडद्यावर पीआयपी३ नावाचा खुणेचा रेणू बनवतं, एकेटी तिथे जाऊन जागं होतं, आणि मग बीएडी या मरणाकडे ढकलणाऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट चढलेल्या बीएडीला १४-३-३ प्रोटीन धरून ठेवतं, तो बीसीएल-एक्सएल या पेशी वाचवणाऱ्या प्रोटीनपर्यंत पोचत नाही, मायटोकॉन्ड्रिया शाबूत राहतो, पेशी जगते. एकेटी थंडावलं की बीएडी सुटतो. तिकडे ईआरके हा वाढीचाच दुसरा संदेशवाहक बीआयएमला (बीएडीसारख्याच मारक प्रोटीनला) खुणेचं फॉस्फेट लावून कचऱ्यात पाठवतं. ईआरके थंडावलं की बीआयएम साठतो. मायटोकॉन्ड्रिया फुटला की सायटोक्रोम-सी बाहेर, कॅस्पेज-९ जागं, आणि पुढचं सगळं. पेशी जगते ती रोज येणाऱ्या या संदेशांच्या जोरावर.

पण भिंतीवरच्या पोस्टरमध्ये सगळ्या पेशींना एकच नकाशा असतो, आणि तसं नसतं. एमसीएफ-७ मध्ये पीआय३केच्या जीनमध्येच ई५४५के हे म्युटेशन आहे. म्हणजे बटण आतूनच चालू अवस्थेत अडकलेलं. टी-४७डी मध्येही तोच जीन बिघडलाय, पण दुसऱ्या जागी, एच१०४७आर. एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्या आणखी एका लाइनमध्ये केरास हा रास गटातला जीन बिघडलेला, त्यामुळे तिथे ईआरकेची बाजू तापलेली, आणि पी५३ हा पेशीचा रखवालदार जीन सुद्धा बिघडलेला. एमसीएफ-७ चा पी५३ ठीक आहे. मग एकच अर्क तिन्ही पेशींवर टाकून तीन वेगळी उत्तरं आली, तर घाबरायचं कशाला? ते उत्तरच आहे. काम सुरू करण्याआधी आपल्या पेशीच्या या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: पीआय३के, पीटेन (पीआय३केला आवर घालणारा), रास, पी५३. आणि एमसीएफ-७ असेल तर पाचवी कोणती ते आता सांगायला नको.

मी दुसरी मोठी गल्लत वेळेत केली. फॉस्फो-एकेटी (फॉस्फेट चढलेलं, म्हणजे जागं एकेटी) आणि कॅस्पेज दोन्ही २४ तासांनी पाहिले. एकेटी कमी, पार्प कापलेला, म्हणून लिहिलं: "एकेटी बंद पडल्याने पेशी मेल्या." एका परीक्षकांनी विचारलं, "आणि मरत असल्यामुळे एकेटी कमी झालं असेल तर?" मी गप्प. कॅस्पेज एकेटीलाही कापतात. फॉस्फेटचा खेळ मिनिटांचा असतो, मरणाचा तासांचा. पाच, पंधरा, तीस मिनिटं, दोन तास, सहा तास असे बिंदू घ्या. एकेटी आधी खाली आलं आणि झेड-व्हॅड असतानाही खालीच राहिलं, तर दाव्यात थोडा दम येतो. कायम चालू राहणारं एकेटी पेशीत घालून मृत्यू टळतो का हे पाहिलं, तर आणखी दम येतो. हे सगळं प्रत्येक थिसिसमध्ये होणार नाही, माझ्याही सगळ्यात झालं नाही. पण मग वाक्य तेवढंच लिहा जेवढं दाखवलंय.

आणि एकेटी उतरलं म्हणजे पेशी मेलीच असंही नाही. पुष्कळदा ती जी-१ मध्ये, म्हणजे विभाजनाच्या तयारीआधीच्या टप्प्यात, नुसती थांबते. वाढ थांबली तरी एमटीटीचा रंग फिकाच येतो. एमटीटी किती मेल्या ते सांगत नाही. अर्कावर काम करणाऱ्यांनी आणखी एक करावं: पेशी न टाकता नुसता अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवून बघावं. वनस्पतींतली पॉलिफेनॉलं पेशीशिवायच रंग आणतात. आणि अर्क ज्यात विरघळवता त्या डीएमएसओचा कंट्रोल, तेवढ्याच टक्क्यांचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात.

पाथवे उलटा फिरतो याचीही तयारी ठेवा. रॅपामायसिन या औषधाने एकेटीच्या खालचं एमटॉर दाबलं की त्याच्याही खालच्या एस६केकडून येणारा लगाम सुटतो आणि एकेटी उलट वाढू शकतं. मला पहिल्यांदा असा ब्लॉट आला तेव्हा मी लेनची अदलाबदल झाली समजून फेकून दिला. फेकू नका. याच गुंत्यापायी एकटं औषध पुरत नाही आणि डॉक्टर दोन औषधं जोडतात. २०१९ मध्ये अमेरिकेत अल्पेलिसिब या पीआय३केवरच्या औषधाला मंजुरी मिळाली, तीही फुल्वेस्ट्रंट या इस्ट्रोजेन रिसेप्टरवरच्या औषधाच्या जोडीने, आणि पीआय३केच्या जीनमध्ये म्युटेशन असलेल्या रुग्णांसाठीच.

माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा मी तिसऱ्या वर्षात होते. ऑपरेशन झालं, टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं औषध सुरू झालं. एक दिवस तिने विचारलं, "तू संत्र्याच्या सालीवरच करून राहिली ना? मग मी साल वाळवून पावडर घेऊ का?" माझ्या प्लेटमध्ये पेशी मरताना मी पाहिल्या होत्या. हो म्हणणं फार सोपं होतं. त्या रात्री वाचायला बसले आणि १९९९ चं एक काम सापडलं: एमसीएफ-७ च्याच गाठी असलेल्या उंदरांना पाण्यातून टँजेरेटिन दिलं, तर टॅमॉक्सिफेनचा फायदा नाहीसा झाला. उंदीर म्हणजे मावशी नाही, आणि कुणी जेवताना संत्रं खाल्लं तर त्याचा याच्याशी संबंध नाही. पण औषधाच्या जोडीला आपल्या मनाने अर्क आणि पावडरी सुरू करणं वेगळं. मी तिला म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस. तुम्हालाही घरचे विचारतील, वर्तमानपत्रवाले विचारतील. प्लेटमधल्या पेशींवरून माणसाला सल्ला देऊ नका. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

नागपूरचं म्हणून थोडं सांगते. सीओटू इनक्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली चार-पाच अंशांनी थंड असेल तरच तो ३७ वर टिकतो. मे महिन्यात बाहेर ४५, रात्री एसी बंद पडला, खोली ३८ वर गेली, तर आतल्या पेशी चाळिशीत भाजतात आणि एचएसपी-७० वाढतं. हे प्रोटीन पेशीला मरणापासून वाचवतं. म्हणजे नेमकं तुमचंच मोजमाप बिघडतं. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी वहीत आकडा लिहा. अँटिबॉडी एप्रिल-मेमध्ये मागवू नका, आणि मागवलीच तर कुरियरवाल्याला फोन करून स्वतः घ्यायला जा. शुक्रवारी निघणारं पार्सल तर नकोच. माझी एक बाटली शनिवार-रविवार गोदामात पडून होती, सोमवारी बर्फाच्या जागी कोमट पाणी.

संत्र्यावर काम करणाऱ्यांसाठी: आंबिया आणि मृग बहाराची साल एकत्र करू नका. मी पहिल्या वर्षी घरची आंबियाची साल घेतली, ती संपल्यावर कळमन्याच्या बाजारातून मृगाची आणली, आणि निम्मी पेशी मारणारा डोस पार सरकला. वर्षभराची साल एकदाच वाळवून, दळून, एकाच डब्यात ठेवा, आणि प्रत्येक अर्काचा एचपीएलसी (कोणता घटक किती आहे ते दाखवणारा आलेख) काढून ठेवा.

गाइड कसा निवडायचा हे बरेच जण विचारतात, म्हणून माझं मत सांगते. मोठ्या नावापेक्षा आठवड्यातून एकदा तुमची कच्ची मेम्ब्रेन हातात घेऊन बघणारा माणूस निवडा. "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका. माझे सर रागावले नाहीत, पण वर्ध्याहून आल्यावर सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलाही माहीत असायला हवं होतं." त्या वाक्याने मला पुढची दोन वर्षं काम करायचं बळ मिळालं. बाहेरून ब्लॉट करून देणाऱ्यांच्या मात्र नादी लागू नका. त्यांच्याकडून बँड येतो, पण तो का आला हे व्हायवाला तुम्हालाच सांगायचं असतं. आणि बँड आला नाही तर का आला नाही, हे तर फक्त स्वतःच्या हाताने केलेल्यालाच कळतं.

ज्यांचे आत्ता महिने जात आहेत त्यांना सांगते, ते महिने वाया जात नाहीत असं मी म्हणणार नाही. माझे गेले, फेलोशिपचे पैसे गेले, एका वर्षीचा पोळा मी घरी न जाता डार्करूममध्ये काढला. पण यातून बाहेर पडता येतं, आणि बहुतेकदा एका योग्य लेनने पडता येतं.

वर्ध्याहून परत आल्यावर मी एकच जेल लावलं. पहिल्या लेनमध्ये जर्कॅट आणि स्टॉरोस्पोरिन, दुसऱ्या-तिसऱ्यात एमसीएफ-७, अर्काविना आणि अर्कासह, चौथ्या-पाचव्यात टी-४७डी तशीच. आठ महिने जिला खराब म्हणत होते तीच पहिली अँटिबॉडी वापरली. जर्कॅटमध्ये तीस सेकंदांत बँड काळाकुट्ट. टी-४७डी ला अर्क दिला तिथे फिका, पण स्पष्ट, सतरा आणि एकोणीस, दोन्ही. एमसीएफ-७ च्या दोन्ही लेन कोऱ्या. मग तीच मेम्ब्रेन धुऊन पार्प लावला, आणि एमसीएफ-७ च्या अर्काच्या लेनमध्ये ८९ वर रेघ उमटली. काका दारात उभे होते. मी त्यांना बोलावून ती कोरी जागा आधी दाखवली.